पाच मिनिटांचं कुलूप

पाच मिनिटं म्हणजे किती वेळ, हे ज्याच्या त्याच्या कामावर अवलंबून आहे. पोहे भिजवून ठेवले तर पाच मिनिटांत ते फोडणीला तयार होतात. एस.टी.च्या थांब्यावर भर पावसात उभं राहावं लागलं तर पाच मिनिटांत सगळं पूर्वायुष्य आठवून होतं. परीक्षेच्या शेवटच्या घंटेआधीची पाच मिनिटं तर एकेका मुलाच्या कपाळावर मोजून घ्यावीत. आमच्या शाळेच्या कचेरीत जो संगणक आहे, त्याचं पाच मिनिटांविषयीचं मत मात्र या सर्वांहून निराळं आहे. पाच मिनिटांत कुणी कळ दाबली नाही किंवा माऊसला हात लावला नाही, तर समोर माणूसच नाही असं तो धरून चालतो, पडदा काळा करतो आणि दाराला कुलूप घालून स्वस्थ बसतो. मग आपण पुन्हा आपलं नाव सांगायचं, पासवर्ड सांगायचा, आणि आत यायचं.

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या फराळाशेजारी घेऊन बसावं असं यात काय आहे? बँकेत, पोस्टात, दवाखान्यात, जिथं जिथं माणूस संगणकासमोर बसतो तिथं तिथं हे दिवसातून आठदहा वेळा घडत असतं. अगदी खरं. पण जे सगळ्यांच्या वाट्याला रोज येतं त्याच्याविषयी कुणी चार शब्द बोलत नाही, आणि मला तर अलीकडे हे कुलूप फार विचार करायला लावू लागलं आहे. विचार करायला लावतं आणि विचार करत बसलं की बंद होतं, अशी त्याची मौज आहे.

पहिलं सत्र संपत आलं की आम्हां शिक्षकांना मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. गुण देणं त्या मानानं सोपं. सातचे आठ केले तरी आभाळ कोसळत नाही. पण ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने समोर आले आणि त्यांत एका जिवंत मुलाला दोनदोन ओळींत बसवायचं म्हटलं, म्हणजे हात आपोआप थांबतो. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, तो बैलांची चित्रं काढतो आणि नेहमी पाठीमागूनच काढतो. शेपट्या, पुठ्ठे, गाडीचं जू. चेहरा कधी काढत नाही. घरच्या बैलगाडीमागून चालत शाळेला येणाऱ्या मुलाला बैल तेवढाच दिसत असणार. आता याच्या ‘आवड व छंद’ या रकान्यात काय लिहावं? ‘चित्रकला’ असं लिहून मोकळं होता येतं, आणि एकेचाळीस मुलांच्या नोंदी एका दुपारी उरकायच्या तर तसंच लिहावं लागतं. पण त्या दिवशी मी थांबले. खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत राहिले. असं काही सुचायला आलं होतं, की ज्यात तो मुलगा, त्याचे बैल आणि ती सकाळची वाट सगळं येईल. आणि पडदा मालवला. काळ्या काचेत बैलांऐवजी माझा स्वतःचाच चेहरा दिसू लागला.

नव्यानं आलेल्या शिक्षकांना अशा वेळी धस्स होतं. केलेलं सगळं काम गेलं असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. कुलूप लागलं म्हणून घरातलं सामान जात नाही. पासवर्ड दिला की अर्धवट वाक्य जिथं सोडलं होतं तिथंच उभं असतं, शेवटच्या अक्षरापाशी ती बारीक रेघ लुकलुकत असते. (सरकारी कामाच्या संकेतस्थळांचा स्वभाव वेगळा. तिथं आपण जरा रेंगाळलो, तर ‘सत्र संपले’ असं सांगून भरलेला सगळा अर्ज पुसून टाकतात. ते कुलूप नव्हे. त्याला घराबाहेर काढणं म्हणतात.) तेव्हा वाक्य जात नाही, हे खरं. पण वाक्याच्या पुढचं जे अजून लिहिलं नव्हतं, ते मात्र पासवर्डची अक्षरं जुळवता जुळवता कुठल्या कुठं जातं.

आमच्या कचेरीतले कारकून, त्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, या कुलपावर फार नाराज आहेत. तीस वर्षं ज्यांनी जनरल रजिस्टर सांभाळलं, ज्यांच्या अक्षरातल्या जन्मतारखांवर गावातल्या निम्म्या माणसांच्या नोकऱ्या लागल्या, त्यांना दर पाच मिनिटांनी ‘आपण कोण?’ असं विचारलं तर राग येणारच. ते म्हणतात, “बाई, या यंत्राचा माझ्यावर विश्वास नाही.” एकदा चिडून त्यांनी ही पाच मिनिटं वाढवायचा प्रयत्न केला. मलाही बोलावलं. आत कुठंतरी खोल गेल्यावर ती पाच मिनिटं सापडली, पण तो आकडा फिकट राखाडी होता आणि काही केल्या बदलेना. वर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की यांतल्या काही गोष्टी तुमच्या संस्थेनं ठरवून दिल्या आहेत.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. “म्हणजे अध्यक्षसाहेबांनी?”

मी त्यांना सांगितलं, की संस्था म्हणजे इथं आपली शिक्षणसंस्था नव्हे, ज्याच्या मालकीची यंत्रं असतात त्या कुणालाही हा संगणक संस्था म्हणतो. आणि संगणकांचं काम बघायला तालुक्याहून जो मुलगा येतो त्यानं हे लावून ठेवलं आहे. पण त्यांची समजूत पटली नाही. गेल्या सभेत अध्यक्ष वक्तशीरपणावर बोलले होते, त्याचाच हा परिणाम असावा असं त्यांचं अजून मत आहे.

मला स्वतःला कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायची खोड आहे, म्हणून मी या कुलपाची कुळकथा शोधली. ती मोठी मजेदार निघाली. हा पहारेकरी मुळात पहारा करायला ठेवलेलाच नव्हता. जुने पडदे काचेच्या नळीचे असत, आणि त्यांच्या आतल्या बाजूला प्रकाश देणारा एक लेप असे. एकच चित्र तासन्‌तास तसंच राहिलं, तर तो लेप तेवढ्या जागी झिजे आणि यंत्र बंद केलं तरी त्या अक्षरांची सावली काचेवर कायमची राही. त्यावर जॉन सोचा नावाच्या अमेरिकन गृहस्थानं उपाय काढला: तीन मिनिटं कुणी हात लावला नाही, की पडदा आपोआप काळा. डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टॉक’ नावाच्या मासिकात ती युक्ती छापून आली. त्या काळी यंत्राला शिकवायची विद्या मासिकाच्या पानांवर छापत, हे वाचून मासिकांत लिहिणाऱ्या मला उगीचच अभिमान वाटला. तीन मिनिटांची चार करायची असतील, तर म्हणे सगळी रचनाच पुन्हा बांधावी लागे. म्हणजे भाऊसाहेबांचं दुःखही तेवढंच जुनं आहे. पुढं लोकांना काळ्या पडद्याचा कंटाळा आला. १९८९ साली एका कंपनीनं पडद्यावरून पंख लावलेली पाव भाजायची यंत्रं उडवली, आणि ती बघायला लोक मुद्दाम काम थांबवू लागले.

तर काच झिजू नये म्हणून हा नोकर ठेवला. पुढं नव्या तऱ्हेच्या काचा आल्या, त्यांना ती भीती उरली नाही. पण नोकराला कुणी काढलं नाही, त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा दिला. किल्ल्या त्याच्याही आधीच्या. १९६१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सोबत्यांनी एकच मोठं यंत्र अनेकांनी एकाच वेळी वाटून घ्यायची सोय करून दाखवली. एका घरात बिऱ्हाडं जास्त झाली की प्रत्येकाच्या खोलीला कडी लागतेच. त्या सोयीबरोबर प्रत्येकाचा निराळा पासवर्ड आला. मराठीत त्याला ‘परवलीचा शब्द’ असं नाव आहे. किल्ल्याच्या दरवाजावर अंधारातून येणाऱ्याला विचारायचा तो शब्द. मला हे नाव फार आवडतं, पण कचेरीत मी तसं म्हटलं तेव्हा आमचे शिपाईमामा म्हणाले, “बाई, परभणीचा कुठला शब्द?” तेव्हापासून पासवर्डच म्हणते.

एवढी सगळी कुळकथा वाचूनही माझ्या मनातला मूळ प्रश्न तसाच राहिला. माणूस समोर आहे, हे ओळखायचं कसं?

माझी आजी दुपारी माजघरात भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. मांजराचं पाऊल वाजणार नाही अशी शांतता. आम्ही पोरं डब्यातल्या लाडवांच्या मोहिमेवर निघायचो, आणि डब्याचं झाकण बोटभर उघडलं की मागून आवाज यायचा, “आहे मी.” एवढंच. रागवायची नाही, डोळेही उघडायची नाही. तिच्या हातातली जपमाळ मात्र चालू असायची. अंगठ्यानं एकेक मणी मागं सरकत असायचा. आज वाटतं, आमच्या संगणकाला आजीचं बसणं कळलं असतं. त्या मण्यांच्या हालचालीवर त्यानं तिला खुशाल हजर मानलं असतं. पण जप आटोपून माळ गोमुखीत ठेवल्यावरही ती तशीच बसायची, तिन्हीसांजेपर्यंत, आणि घरात कोण आलं, कोण गेलं, दूध कधी उतू जाणार आहे, हे सगळं तिला ठाऊक असायचं. ते हजर असणं त्याला कळलं नसतं.

लिहिणाऱ्या माणसाचं बसणंही याच जातीचं. माझ्या कादंबऱ्या मी घरी दोनशेपानी वहीत लिहिते, ते याच कारणासाठी. वही कधी मिटत नाही. एकदा माझी नायिका माहेरच्या उंबऱ्यावर चार दिवस उभी होती. आत जाईल की मागं फिरेल हे मला कळत नव्हतं. वही चार दिवस त्याच पानावर उघडी होती. तिनं मला एकदाही माझं नाव विचारलं नाही.

हे सगळं मी माझ्या भाचीला सांगितलं. ती पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे आणि आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करते. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, “मावशी, तुझं नुसतं कुलूप लागतं. माझा ठिपका पिवळा होतो.” मग तिनं समजावून सांगितलं. त्यांच्या कचेरीत एकमेकांना निरोप धाडायची जी सोय आहे, तिथं प्रत्येकाच्या नावापाशी एक ठिपका असतो. माणूस कामावर असला की हिरवा. काही मिनिटं कळ दाबली नाही किंवा कुलूप लागलं, की पिवळा. आणि तो ठिपका साहेबाला दिसतो. अवघडातलं अवघड कोडं ती कागदपेन्सिल घेऊन सोडवते, अर्धाअर्धा तास. तेवढा वेळ तिचा डावा हात मधून मधून माऊसला हलकेच ढकलत असतो. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा तो हात पाहिला, आणि मला दुसरंच काही आठवलं. आमच्या घरी कामं करता करता बायका पाळण्याची दोरी अशीच ओढायच्या. एका हातानं शेंगा सोलायच्या, दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली. पाळणा थांबला की मूल जागं होई. इथं पाळणा थांबला की ठिपका झोपतो.

परदेशात ही गोष्ट पुष्कळच पुढं गेली आहे. माऊस आपोआप हलवत ठेवणारी छोटी यंत्रं बाजारात मिळतात आणि लोक ती घेतात. २०२४ साली अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या मोठ्या बँकेनं डझनाहून अधिक माणसांना कामावरून दूर केलं. कळा दाबत असल्याचा नुसता देखावा त्यांनी उभा केला होता, असं कारण नोंदवलं गेलं. त्या माणसांची बाजू घ्यायचं मला कारण नाही. पण जिथं हाताच्या हालचालीलाच काम मानतात तिथं नुसती हालचाल विकणारा दुकानदार येणारच. शाळेत हे आम्ही नित्य पाहतो. साहेब तपासणीला आले की सगळ्या वर्गाचे हात वर. पाठीमागच्या बाकावर हात खाली ठेवून जो खरोखर उत्तर शोधत असतो, त्याच्याकडे साहेबांचं लक्ष जात नाही. कुलपानं कुलपाचं काम करावं, त्याला माझी हरकत नाही. त्याच्याकडून हजेरीपुस्तकाचं काम करून घेऊ लागले, म्हणजे मला ते खटकतं.

आमच्या भाऊसाहेबांनीही आपली युक्ती काढली होती, पण ती बिनपैशांची. जुन्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदी संगणकात उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं. एकेक नोंद शोधायला, जुनी मोडी वळणाची शाई वाचायला, वेळ लागतो. आणि पान सापडेपर्यंत कुलूप पडतं. कुणा पाहुण्यानं त्यांना सांगितलं, की हातातलं काट्याचं घड्याळ काढून टेबलावर उताणं ठेवा आणि त्यावर माऊस ठेवा. मला हे आधी खरं वाटलं नाही. पण माऊसच्या पोटात एक बारीक डोळा असतो. तो खालच्या पृष्ठाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रं घेतो आणि एका चित्रापासून दुसरं किती सरकलं यावरून आपण कुठं चाललो आहोत ते ठरवतो. खालून सेकंदकाटा गेला, की त्याला वाटतं आपणच हललो. भाऊसाहेबांचं घड्याळ त्यांच्या लग्नातलं. सासऱ्यांनी दिलेलं ते घड्याळ पालथ्या माऊसखाली टिकटिकत होतं आणि संगणक निर्धास्त होता, की समोर माणूस आहे. समोर माणूस होताच. फक्त तो १९६८ सालच्या पानावर होता.

हे मी हसत हसत सांगते आहे खरी, पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी जे घडलं त्यानंतर मला हसण्याआधी जरा थांबावं लागतं.

तिसरा तास मला मोकळा होता. नोंदी लिहायला म्हणून मी कचेरीत गेले. भाऊसाहेब जागेवर नव्हते. टेबलाशेजारच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. पस्तिशीचा, स्वच्छ शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. संगणकाचं तोंड किंचित त्याच्याकडे वळलेलं होतं आणि त्याचा हात माऊसवर होता. पडद्यावर नाव होतं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. मला बघून त्यानं हात उचलून मांडीवर ठेवला.

“भाऊसाहेब कुठं आहेत?” मी विचारलं.

“चहाला गेलेत म्हणं. मामांनी बसा म्हटलं.” आणि मग जरा थांबून तो म्हणाला, “बाई, तुमच्या वर्गात माझी मुलगी आहे.”

त्यानं नाव सांगितलं आणि मला सगळं कळलं. ती मुलगी ऑगस्टमध्ये दुसऱ्या गावाहून आमच्याकडे आली होती. तिच्या आईनं प्रवेशाच्या वेळीच मोठ्या बाईंना लेखी अर्ज दिला होता, की आमचा पत्ता आणि फोन कुणालाही, अगदी वडील म्हणून आले तरीही, देऊ नये. कोर्टात काही चाललं होतं. त्यापलीकडे आम्हांला काही ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा अधिकारही नव्हता.

“नुसतं कुठं राहतात तेवढं सांगा. मी काही करणार नाही. बघून जातो.”

“ते मला सांगता येणार नाही,” मी म्हटलं. “मोठ्या बाई येतीलच. त्यांच्याशी बोला.”

तो थांबला नाही. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढून त्यानं टेबलावर ठेवली, “हे तेवढं तिला द्या,” म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला. फुलबाज्या होत्या. दोन पाकिटं.

भाऊसाहेब आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते मटकन खुर्चीत बसले. “बाई, पाचवीची यादीच उघडी होती हो. पत्त्यासकट.” चहाला जाताना त्यांनी घड्याळ हाताला बांधलं होतं; बाहेर जाताना ते नेहमीच बांधतात. माऊस लाकडावर स्थिर राहिला. आणि तो माणूस खुर्चीत येऊन बसायच्या आधी, केव्हातरी, ती पाच मिनिटं भरली होती.

पूर्वी हे सगळं जनरल रजिस्टरमध्ये असे, रजिस्टर लोखंडी कपाटात असे, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. रजिस्टर उघडं टाकून कुणी चहाला गेलं, तरी परक्या माणसाला एवढ्या थोरल्या चोपडीतून हवं ते पान काढायला अर्धा तास लागला असता. आता एका पडद्यावर एकेचाळीस मुलांची नावं, जन्मतारखा, जाती, आधारचे आकडे, आईबापांचे फोन, सगळं एका नजरेत मावतं. २०२३ साली संसदेनं माणसांच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला निराळी काळजी घ्यायला सांगितलं आहे. आईवडिलांची संमती घ्या, असं त्यात आहे. आई आणि वडील जेव्हा एकाच पत्त्यासाठी दोन टोकांना उभे असतात तेव्हा काय करायचं, हे मात्र कचेरीतल्या माणसानं उभ्या उभ्या ठरवायचं असतं. त्या दिवशी ते आमच्यापैकी कुणीच ठरवलं नाही. कुलपानं ठरवलं, तेही माणूस कोण हे न बघता.

त्या माणसाविषयी माझं मत आजतागायत बनलेलं नाही. कादंबरीत आला असता, तर पाचव्या प्रकरणापर्यंत मला काहीतरी ठरवावं लागलं असतं. केसांना पाणी लावून आला होता, हे मी विसरू शकत नाही. आणि हात माऊसवर होता, हेही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्गात हिरकणीची गोष्ट निघाली. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी, तिन्हीसांजा झाल्यावर गडाचे दरवाजे बंद झालेले, खाली घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली, ही आख्यायिका सांगताना मुलं नेहमी एकच विचारतात: पहारेकऱ्यानं दरवाजा का उघडला नाही? रोज दूध घालणारी बाई त्याला माहीत नव्हती का? मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात तो पाठमोरे बैल काढणारा मुलगा उठून म्हणाला, “बाई, एखादा शत्रू पण दुधाची घागर घेऊन आला असता ना.” वर्ग गप्प झाला. मग त्याच्याच शेजारचा म्हणाला, “पण ती शत्रू नव्हती.” दोघंही बसले. मी पुढचा धडा काढला. ती मुलगी पहिल्या बाकावर होती आणि वहीच्या समासात रेघा ओढत होती.

फुलबाज्यांचं काय करायचं, हा प्रश्न राहिलाच होता. मोठ्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. तिला जे झालं ते सांगितलं. तिनं पुडी उलटीसुलटी करून पाहिली, कागदावरच्या बातमीचं गाव वाचलं, आणि काही न बोलता पुडी पिशवीत घातली. मुलीच्या हाती ती दिली की नाही, मला माहीत नाही.

तालुक्याचा मुलगा महिन्याच्या फेरीला आला, तेव्हा मोठ्या बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो हुशार आहे. त्यानं आधी भाऊसाहेबांना खिडकीचं चित्र असलेली कळ आणि ‘एल’ एकदम दाबून दाखवली. दोन बोटं, आणि तत्क्षणी कुलूप; पाच मिनिटंसुद्धा थांबायला नको. भाऊसाहेब ते आता नियमानं करतात. उठताना एका हातानं घड्याळ बांधतात आणि दुसऱ्या हातानं कुलूप लावतात, आणि लावल्यावर पूर्वीच्या काळी कपाटाला ओढून बघत तसं माऊस हलवून बघतात.

मग मी माझं गाऱ्हाणं मांडलं. नोंदी लिहिताना पाच मिनिटं पुरत नाहीत, म्हटलं. तो म्हणाला, “मॅडम, आता नवीन यंत्रं येतात त्यांच्यात समोर माणूस आहे की नाही हे बघायची सोय असते. तुम्ही बसलेल्या असलात तर कितीही वेळ लॉक होणार नाही. उठलात की लगेच होईल. नाहीतर तुमचा फोन जोडून देतो. फोन लांब गेला की लॉक.” फोनचं मी लगेच नको म्हटलं. माझा फोन अर्धा दिवस स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वहीखाली असतो. मी कुठं आहे हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. आणि सदोदित माझ्याकडे बघत बसणारं यंत्र? त्या मुलाचा अर्थ चांगला होता. पण मी चिंचेकडे बघत असताना मला कुणी बघत नाही, एवढ्याच भरवशावर मला काही सुचतं. त्यापेक्षा याचं अज्ञान बरं. मी हजर आहे का हे त्याला कळत नाही, तोवर मी काय विचार करते आहे हेही कळणार नाही.

“मग दहा मिनिटं करू या,” तो म्हणाला. बँकांची कार्डं वगैरे जिथं चालतात तिथल्या आंतरराष्ट्रीय नियमातसुद्धा पंधरा मिनिटांची मुभा आहे, हे त्यानंच सांगितलं. आमची शाळा त्या मानानं तिप्पट कडक निघाली. पण आता गोष्ट घडून गेली होती, मोठ्या बाई मनातून धास्तावल्या होत्या, आणि दहा की पाच यावर कचेरीत चहा थंड होईपर्यंत चर्चा झाली. मी दहाच्या बाजूनं बोलले. भाऊसाहेब, इतके दिवस ज्यांनी त्या यंत्राशी भांडण मांडलं होतं ते भाऊसाहेब, पाचच्या बाजूनं बोलले. शेवटी असं ठरलं, की कचेरीतल्या संगणकाला पाच ठेवावीत आणि शिक्षकांच्या खोलीत जुना दुसरा संगणक आणून, त्यावर मुलांच्या याद्या न ठेवता, नुसत्या नोंदी लिहिण्यापुरती दहा द्यावीत. त्यासाठी खर्चाला मंजुरी हवी, म्हणून अर्ज संस्थेकडे गेला आहे.

भाऊसाहेब म्हणतात, “बघा बाई, मी म्हटलं नव्हतं? शेवटी अध्यक्षसाहेबांचीच सही लागली.”